दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेलेल्या लिथुआनियन निर्वासितांनी आपला समाज कसा उभा केला?

हाती पैसा नसताना आणि एवढ्या मोठ्या देशात पांगलेले असताना या लोकांनी शाळा, वृत्तपत्रे आणि संस्था कशा उभारल्या, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर ऑस्ट्रेलियाआधी जर्मनीत शोधावे लागते.

1944 मध्ये सोव्हिएत सैन्य पुन्हा लिथुआनियात शिरू लागले, तेव्हा 1940-41 च्या पहिल्या सोव्हिएत राजवटीतील अटका आणि हद्दपारी पाहिलेले हजारो लोक पश्चिमेकडे निघाले. युद्धानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातील छावण्यांत सुमारे 60,000 लिथुआनियन होते आणि त्यांत शिक्षक, डॉक्टर, वकील, लेखक, धर्मगुरू मोठ्या संख्येने होते. छावणीत बसून वाट पाहण्याच्या त्या वर्षांत त्यांनी शाळा, गायनवृंद, बालवीर पथके आणि नियतकालिके सुरू केली. लॅटव्हियन आणि एस्टोनियन विद्वानांसह 1946 मध्ये हॅम्बुर्गला बाल्टिक विद्यापीठही काढले. 14 जून 1949 रोजी, म्हणजे 1941 च्या सामूहिक हद्दपारीच्या स्मृतिदिनी, 'लिथुआनियन सनद' जाहीर झाली. भाषा, कुटुंब, शाळा आणि संस्था जपणे हे तिने परदेशातील प्रत्येक लिथुआनियनाचे कर्तव्य ठरवले, आणि पुढे देशोदेशींच्या संघटनांना एक समान पाया मिळाला.

ऑस्ट्रेलियात बाल्टिक निर्वासितांचे पहिले मोठे जहाज नोव्हेंबर 1947 मध्ये फ्रीमँटलला लागले, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 10,000 लिथुआनियन तिथे पोहोचले. सरकार सांगेल तिथे दोन वर्षे काम करण्याचा करार प्रत्येकाला पाळावा लागे. नवागतांना आधी ठेवत त्या बोनेगिला छावणीतून माणसे ऊसतोडणी, रेल्वे, धरणे, रुग्णालये अशा कामांवर पांगली. पात्रता मान्य न झाल्यामुळे कित्येक डॉक्टरांना अंगमेहनतीची कामे करावी लागली, याचे मला फार वाईट वाटते. अशा पांगापांगीत वृत्तपत्र हाच पहिला आधार ठरला. सिडनीहून 1949 पासून निघणाऱ्या 'मूसू पास्तोगे'मुळे दूरच्या वस्तीवरच्या माणसालाही आपले लोक कुठे आहेत हे कळू लागले.

करार संपल्यावर लोक सिडनी, मेलबर्न, ॲडलेड या शहरांत एकवटले. तिथे गावोगावच्या शाखा आणि त्यांच्यावर निवडून दिलेली देशपातळीवरची कार्यकारिणी अशी संघटनेची रचना झाली. वर्गणी आणि श्रमदान यांच्या बळावर 'लिथुआनियन भवने' उभी राहिली. भवन असले की शनिवार-रविवारची भाषाशाळा, लोकनृत्याचा सराव, ग्रंथालय आणि सभा या सगळ्यांना हक्काची जागा मिळे. म्हणून मी या वास्तूंना फार महत्त्व देतो. नाताळच्या सुट्टीत दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या 'लिथुआनियन दिवसां'त गाणी, नृत्ये आणि संघटनेची बैठक एकत्र होत असे, आणि तरुणांच्या ओळखी वाढण्यासाठी क्रीडामहोत्सव होतेच.

या संघटनेची राजकीय ताकद 1974 मध्ये दिसली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिटलॅम सरकारने लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया या बाल्टिक देशांचे सोव्हिएत संघातील विलीनीकरण कायदेशीर मानले, तेव्हा लिथुआनियन, लॅटव्हियन आणि एस्टोनियन संस्थांनी मिळून निदर्शने केली आणि खासदारांकडे सतत पाठपुरावा केला. 1975 च्या अखेरीस फ्रेझर सरकारने ती मान्यता मागे घेतली. काही हजारांच्या समाजाला हे साधले, कारण सभासदांच्या याद्या, वृत्तपत्र आणि सभागृहे पंचवीस वर्षांपासून तयार होती.