‘नाताळ आज हाय का?’ : वाट बघणारी मुलं आणि दमलेली आई

डिसेंबर लागला की सोलापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. नाताळाआधीचे दिवस मुलांसाठी छान करायचे म्हणून हौसेनं बरंच मांडलं, आणि आठवडाभरातच घरात नुसती रडारड. मुलं हट्टी झालीत, आपण आई म्हणून कमी पडतोय, असं बोलणाऱ्या बाईला वाटत असतं. त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

आई बँकेत नोकरीला. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, पाळ्यांची नोकरी, रविवारी सुट्टी. घरी सासूबाई, पाच वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. ख्रिस्ती घर, चर्च, संडे स्कूल, रात्री घरोघर नाताळाची गाणी म्हणत येणारी कॅरलची मंडळी, करंज्या, बेकरीत भाजून आणलेला केक हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. यंदा आईनं त्यात भर घातली होती. मोबाईलवर बघून रोज एक अशा चोवीस उपक्रमांची यादी केली होती. एक दिवस मिठाच्या पिठाच्या चांदण्या, एक दिवस कागदी हिमकण (सोलापुरात!), एक दिवस कार्ड, एक दिवस बिस्किटं. शिवाय चोवीस खिडक्यांचं पुठ्ठ्याचं कॅलेंडर मागवलं होतं. रोज एक खिडकी उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलानं स्टूल लावून सगळ्या खिडक्या उघडल्या. स्वतः खाल्ली, बहिणीलाही दिली. संध्याकाळी बँकेतून दमून आलेल्या आईनं ते रिकामं पुठ्ठं बघितलं आणि तिच्या तोंडून गेलं, “आता सँटा तुझ्याकडे येणारच नाही.” तेव्हापासून पोरगा रात्री दचकून उठायला लागला. सासूबाईंनी सुनेला सुनावलं, “आमच्या टायमाला कुठलं आलं कॅलेंडर न्‌ फिलेंडर?” घरात अबोला. या टप्प्यावर दोघी माझ्याकडे आल्या. सासूबाई सोबत आल्या याचं मला फार बरं वाटलं, कारण पुढचं बरंचसं काम त्यांनीच केलं.

आईचा पहिला प्रश्न होता, “एवढ्याशा वयात हा चोरी शिकला का?” नाही शिकला. पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल अशा जागी चोवीस चॉकलेटं ठेवून ‘रोज एकच’ म्हणणं ही मुलाची नव्हे, त्या मांडणीची चूक. मनाला आवर घालायची ताकद या वयात नुकती कुठे यायला लागलेली असते. काळाचं भानही तसंच. ‘पंचवीस तारखेला’ म्हटलं की आपल्याला पुढचे तीन आठवडे दिसतात, त्याला काहीच दिसत नाही. म्हणून तो सकाळी उठल्या उठल्या आजीला विचारायचा, “नाताळ आज हाय का?” आई याला भुणभुण म्हणत होती. मला तो अगदी रास्त प्रश्न वाटला.

मी ख्रिस्ती घरातली नाही, पण या प्रश्नाचा इतिहास मला ठाऊक होता, तो त्यांना सांगितला. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिश विखर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांची संस्था चालवायचे. तिथली मुलंही रोज हेच विचारायची, नाताळ कधी? तेव्हा त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या, पांढऱ्या. मधल्या दिवसांच्या लहान, लाल. रोज एक पेटवायची, म्हणजे किती झाले आणि किती उरले ते मुलांना डोळ्यांनी दिसायचं. आज अनेक चर्चमध्ये आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं दिसतं, त्याचं मूळ इथं सांगतात. म्हणजे ही रीतच मुळी अधीर मुलांसाठी निघाली. खिडक्यांची कॅलेंडरं त्यानंतर जर्मनीतूनच आली.

चोवीसचा आकडाही दगडावरची रेघ नाही. आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८. छापायला सोपं म्हणून कॅलेंडरवाले १ डिसेंबर धरतात. हे ऐकून आईच्या खांद्यावरचं थोडं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मग मी विचारलं, दिवसातून एकच गोष्ट करायची झाली, तीही तुम्ही दमलेल्या असताना, पप्पांची रात्रपाळी असताना, पोरगी किरकिरत असताना, तर कोणती जमेल? आई यादीकडे बघत बसली. उत्तर सासूबाईंकडून आलं, “शेंगा फोडायला जमतील की.”

आणि खरंच तेच ठरलं. नाताळाला जेवढे दिवस उरले होते तेवढ्या भुईमुगाच्या शेंगा मोजून एका वाडग्यात टाकल्या. निवडून दोन दाण्यांच्या, म्हणजे भांडणाला जागा नको. जेवण झालं की मुलानं एक शेंग उचलायची, अंगठ्यानं दाबून फोडायची, एक दाणा आपला, एक बहिणीचा. टरफल दुसऱ्या वाडग्यात. एक वाडगा रिकामा होतोय, दुसरा भरतोय, सकाळच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच. एक खबरदारी मात्र मी आवर्जून सांगितली. लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये, श्वासनलिकेत अडकू शकतो. तेव्हा दोघांचे दाणे आजी खलबत्त्यात कुटून चिमूटभर गुळात कालवून देणार, असं ठरलं. सगळ्या शेंगा एका दिवशी फोडल्या तर? फोडू दे, नव्या मोजून टाकता येतात. पोतं घरातच आहे.

शेंग फोडताना आजीनं गोष्ट सांगायची. आईनं कुठंतरी वाचलं होतं की बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून १ तारखेपासून रोज एक वाचायचा. मोठ्यांसाठी उत्तम. पाच आणि तीन वर्षांच्या पोरांना येशूच्या जन्माचा दुसरा अध्याय पुरे, तोही तुकड्या-तुकड्यानं आणि रोज जवळपास तोच. लहान मुलांना ऐकलेली गोष्टच परत हवी असते. आजी मंगळवेढ्याकडच्या. रात्री रानात मेंढरं बसवलेले धनगर, शेकोटी, राखणीचं कुत्रं हे सगळं त्यांनी लहानपणी पाहिलेलं. बेथलेहेमच्या मेंढपाळांची गोष्ट त्यांच्या तोंडून अशी काही आली की गव्हाणीतल्या बाळाला मेंढरानं चाटलं का, या प्रश्नावर पोरगा दोन-तीन रात्री अडून होता म्हणे. चाटलं असंल, असा निकाल आजीनं दिला.

रविवार पप्पांकडे. पितळी ताटात शाळूची ज्वारी पसरायची आणि किराणा दुकानातल्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्या त्यात खोचायच्या. पहिल्या रविवारी एक, मग दोन, अशा चारपर्यंत. काही चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते. घरात तसं नसलं तरी काही बिघडत नाही. काडेपेटी पप्पांच्या खिशात, फुंकर मुलांची.

सँटाच्या धमकीबद्दल मी जरा कडक बोलले. रागात आपण असं बोलून जातो, पण पोरगं ते अक्षरशः खरं धरतं. शिवाय शेवटी भेट देतोच आपण, मग आपल्या बोलण्याला किंमत राहत नाही. भेट हवी तर वागणं सुधार, हा सौदा नाताळाच्या गोष्टीतही कुठं बसत नाही, असं सासूबाईच म्हणाल्या. आईनं त्या रात्री मुलाला जवळ घेऊन सरळ सांगितलं, “मी चिडून बोलले. तुझी भेट तुला मिळणार आहे.” खुलासा तेवढाच. दचकून उठणं हळूहळू थांबलं. ते दोन-तीन आठवड्यांनंतरही चालूच राहिलं असतं, किंवा खाणं, शाळेत जाणं बिघडलं असतं, तर मी वेगळी तपासणी सुचवली असती.

भेटी मागण्याचा सूर कमी करायला मुलाच्या हातात घ्यायच्या नव्हे, द्यायच्या गोष्टी दिल्या. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ येतो त्या शेजाऱ्यांकडे करंज्यांचं ताट पोचवायचं काम त्याचं. कॅरलची मंडळी आली की चिवड्याच्या वाट्या फिरवायच्या. करंज्यांच्या दिवशी कातण त्याच्या हातात. कडा वाकड्या झाल्या, दोन करंज्या कढईत फुटल्या, सारण तेलात गेलं, आणि सासूबाई चक्क गप्प राहिल्या. हे सुनेनं मला दोनदा सांगितलं.

यादीतलं राहिलेलं? तारा बघत बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा सण ६ जानेवारीला असतो. ज्याला हौस आहे त्यानं चांदण्या तेव्हा कराव्यात. त्यानंतर सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आहेच, पोरांना काय, पाळणे दिसले की झालं.

नाताळानंतर दोघी परत आल्या तेव्हा आईनं विचारलं की पुढच्या वर्षी आणखी काय करावं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “शेंगा पोरांच्या, मेणबत्त्या बापाच्या, गोष्ट न्‌ करंज्या माझ्या. तू बँकेतून येऊन गप बसून घे.”