ब्रिटनमध्ये पहिलं मत देताना

भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहतोस, म्हणजे राष्ट्रकुल नागरिक या नात्याने तुला संसदेच्या निवडणुकीत मत आहे. ते दे.

टीव्हीवर पक्षनेते भांडतात, पण मतपत्रिकेवर असतात तुझ्या मतदारसंघातले उमेदवार. असे 650 मतदारसंघ. प्रत्येकात ज्याला सर्वाधिक मतं, तो खासदार. म्हणून आधी तुझ्या भागातला मागचा निकाल बघ. 2024 मध्ये लंडनच्या हेंडनमध्ये फरक फक्त 15 मतांचा होता! त्याच वेळी रिफॉर्म यूके या पक्षाला देशभर 14 टक्के मतं आणि 5 जागा. लिबरल डेमोक्रॅट्सना 12 टक्के आणि 72 जागा. त्यामुळे नावडत्याला पाडायला दुसऱ्या पसंतीच्या पक्षाला मत देणारे इथे पुष्कळ. त्यात गैर काही नाही. पण जागा एकतर्फी असेल तर मनातल्याच पक्षाला दे, त्याची टक्केवारी तरी वाढेल.

जाहीरनाम्यातली व्हिसा, घरभाडं, एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) यांची पानं स्वतः वाच. (स्कॉटलंडमध्ये असशील तर आरोग्याचा कारभार लंडनहून नाही, तिथल्या राजधानीतून, एडिनबर्गहून चालतो.)

नाव मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी नोंदव. केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडं असतं. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.