दारू पिऊन गाडी चालवली, दंड भरला की सुटलो का?

प्रश्न : ताई, वारज्याहून लिहितोय. माझा धाकटा भाऊ शनिवारी रात्री कोरेगाव पार्कातून बाइकवर घरी येत होता, नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला 68, बाइक जमा झाली आणि आता कोर्टात जायचंय. मित्र म्हणतात गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. तो आयटीत आहे, कंपनी बाहेर पाठवायचं म्हणतेय आणि पासपोर्ट रिन्यू करायचाय. काय करावं?

उत्तर : दादा, हे सिग्नल तोडल्याचं चलन नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आहे हे, 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि भावाचं तर दुपटीच्या वर गेलंय. यात जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

आता मित्रांचा सल्ला. कबूल करून दंड भरला म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलं, आणि दोषी ठरला की कलम 20 प्रमाणे लायसन्स किमान 6 महिने जातं, हे कोणी सांगतच नाही. उद्या नोकरीच्या किंवा व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी शिक्षा झालीय का' विचारलं तर हो लिहावं लागेल, दंड कितीही छोटा असो. म्हणून कबुलीवर सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखवा, प्लीज. मशीनमधून निघालेली ती छोटी पावती नीट बघा, वेळ काय, मशीनचा नंबर आहे का, भावाची सही आहे का. अटक केली असेल तर 2 तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली का तेही बघा, कायद्यात ती मुदत आहे. यात खरोखर काही चुकलेलं असेल तर केस लढता येते, नसेल तर उगाच तारखा वाढवण्यात अर्थ नाही, मग कबूल करणंच बरं, पण समजून उमजून.

पासपोर्टचं म्हणाल तर केस चालू असताना कोर्टाची परवानगी आणावी लागते. अर्जात केस लपवू नका, तो वेगळा गुन्हा होतो.

प्रश्न : मिस्टरांनी पार्टीहून येताना कार डिव्हायडरला घातली, देवाच्या दयेने कोणाला लागलं नाही. पोलिसांनी टेस्ट केलीच नाही, मग इन्शुरन्स मिळेल ना? (सिंहगड रोड)

उत्तर : टेस्ट नाही म्हणून क्लेम पक्का असं धरू नका. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलंय की रक्ताचा रिपोर्ट नसला तरी दारूच्या अंमलाखाली होते हे कंपनीने इतर पुराव्यांवरून दाखवलं तर क्लेम नाकारता येतो, म्हणजे दवाखान्याच्या केसपेपरवर 'तोंडाला दारूचा वास' एवढं लिहिलेलं असलं तरी ते तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं. फॉर्मवर खोटं लिहू नका, गाडी मी चालवत होते असं तर अजिबात नको, त्यात तुम्हीही अडकाल. आधी पॉलिसीतल्या अटी वाचा आणि केसपेपरची कॉपी काढून ठेवा.