‘कास्टिंग डिरेक्टर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : हॉलिवूडच्या श्रेयनामावलीत ‘कास्टिंग बाय अमुक’ असे येते, ‘कास्टिंग डिरेक्टर’ (म्हणजे भूमिकांसाठी नट शोधणारा) असे का येत नाही? आणि मराठीत ‘पात्रनिवड दिग्दर्शक’ हा शब्द बरोबर आहे का?

‘बाय’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. अमेरिकेतल्या चित्रपट दिग्दर्शकांची संघटना १९३६ सालची. निर्मात्यांशी होणाऱ्या करारात तिने ‘डिरेक्टर’ हा शब्द स्वतःसाठी राखून घेतला आहे. छायाचित्रण आणि कला या खात्यांना तो वापरायची मुभा आहे, नट शोधणाऱ्यांना नाही. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष टेलर हॅकफर्ड यांनी २०१२च्या एका माहितीपटात हीच बाजू मांडली होती : ही माणसे काहीच दिग्दर्शित करत नाहीत.

नट ठरवताना शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा, असे आपण समजतो; ते मात्र नेहमीच खरे नसते. नटाशी करार स्टुडिओ करतो, पैसे स्टुडिओचे असतात. ‘गॉडफादर’च्या वेळी मार्लन ब्रँडो आणि अल पचिनो या दोन्ही नावांना पॅरामाउंट या स्टुडिओचा विरोध होता. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला तेव्हा तिशीतला, त्याच्या शब्दाला अजून वजन नव्हते. तरी त्याने दोघांनाही लावून धरले. ब्रँडोची चाचणी तर ब्रँडोच्याच घरी जाऊन चित्रित केली. इथे ‘कपोलाने पचिनोला नेमले’ असे लिहिणे चूक. नेमले स्टुडिओने, लावून धरले कपोलाने.

स्टुडिओ आणि दिग्दर्शक या दोघांच्या मध्ये जो नट शोधणारा असतो, त्याला शब्द शोधायचा आहे. ‘लीथल वेपन’च्या वेळी कास्टिंग करणाऱ्या मॅरियन डॉर्टी यांनी दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांना डॅनी ग्लोव्हरचे नाव सुचवले. ती भूमिका कृष्णवर्णीय नटाला द्यावी, असे डॉनरच्या मनातही आले नव्हते. निर्णय दिग्दर्शकाचाच झाला, पण ते नाव समोर आले नसते तर निर्णय कशाचा घेणार होता?

म्हणून मला ‘निवड’ हा शब्द फार योग्य वाटतो. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो. त्यात खडे आणि काड्या बाजूला काढणे आहे, चांगले हाताशी ठेवणे आहे. काय शिजवायचे ते दुसरे कुणी ठरवत असेल, तरी निवडणाऱ्याची नजर लागतेच. शेकडो नटांतून चार जण दिग्दर्शकापुढे आणणे हे अगदी असेच काम. ‘अध्यक्षपदी निवड’ यात अंतिम निर्णयाचा अर्थ आहे, हे मान्य. पण संदर्भाने तो वेगळा कळतो. नाट्यसमीक्षेतला ‘पात्रयोजना’ हा जुना शब्द सुंदर आहे, पण त्यात कोणती भूमिका कुणाला दिली याचा विचार आहे, शोधण्याची मेहनत नाही.

आता ‘दिग्दर्शक’ जोडावा का? मराठीत हा शब्द आपण मोकळ्या हाताने वाटला आहे : संगीत दिग्दर्शक, नृत्यदिग्दर्शक, कला दिग्दर्शक. तेव्हा ‘पात्रनिवड दिग्दर्शक’ व्याकरणाने चूक नाही. मला तो नको वाटतो, तो दुसऱ्या कारणासाठी. मराठी श्रेयनामावली बहुधा पदाचे नाव घेत नाही, कामाचे घेते. संकलन, छायाचित्रण, वेशभूषा, रंगभूषा. दिग्दर्शकाच्या नावाआधीही बहुधा ‘दिग्दर्शन’ असेच लिहितात. त्या रांगेत ‘पात्रनिवड : अमुक’ सहज बसते, आणि हॉलिवूडच्या ‘कास्टिंग बाय’चाही तोच अर्थ आहे. कास्टिंग करणारे लिन स्टालमास्टर यांना १९६८च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये पडद्यावर स्वतंत्र श्रेय मिळाले, आणि २०१६ साली मानद ऑस्कर. या कामासाठी स्पर्धेतले ऑस्कर २०२५च्या चित्रपटांपासून सुरू झाले. त्या पुरस्काराच्या नावातही ‘डिरेक्टर’ नाही, नुसते ‘कास्टिंग’ आहे.

‘पात्रनिवड’ एकत्र लिहावे. व्यक्तीसाठी ‘पात्रनिवडकार’ जड होतो. ‘पात्रनिवड करणारे’ किंवा बोलताना सरळ ‘कास्टिंग करणारे’ म्हणावे.