मिस्सातील वाचनं

प्रश्न : रविवारच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधली तीन वाचनं कशासाठी? वाचकाने काय सांभाळावं?

उत्तर : पहिलं वाचन बहुधा जुन्या करारातलं, पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) मात्र नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातलं. मग स्तोत्र, बहुधा नव्या करारातल्या एखाद्या पत्रातलं दुसरं वाचन आणि तिसरं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा. सामान्य काळात (मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या आठवड्यांत) पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असंच निवडलेलं असतं. ते घाईत उरकलं, की हा धागा भाविकांच्या हातून निसटतो, आणि हे फार मोठं नुकसान आहे. १९६९च्या वाचनक्रमात (कोणत्या दिवशी काय वाचायचं याच्या यादीत) मत्तय, मार्क, लूक यांच्या शुभवर्तमानांची तीन वर्षं आळीपाळीने फिरतात.

वाचन आदल्या दिवशी दोन-तीनदा मोठ्याने वाचा. ‘मलकीसदेक’सारखी बायबलमधली अवघड नावं तेव्हाच अडतात. वाचनाच्या पुस्तकातल्या लाल अक्षरांतल्या सूचना, ‘पहिलं वाचन’ हे शब्दसुद्धा, उच्चारू नका. हे प्रभूचं वचन असल्याच्या शेवटच्या घोषणेआधी दोन-तीन सेकंद थांबा.