जीभ टोचून घ्यावी का? आठ वर्षं दांडी वागवलेल्या बाईचं उत्तर

तुझा प्रश्न मला कळला तो असा. लग्नाला पाच वर्षं झाली, दोघंही हिंजवडीला नोकरीला, घर कर्वेनगरला आणि सासू-सासरे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. अलीकडे बेडरूममध्ये तोचतोचपणा आलाय. नवऱ्याने कुठेतरी पाहिलं, वाचलं, आणि तू जीभ टोचून घेतलीस तर चुंबनात आणि ओरलमध्ये मजा वाढेल असं त्याचं म्हणणं. तुला कल्पना अगदीच नकोशी नाही, पण भीती वाटते. शिवाय घरच्यांना कळलं तर काय, ही धास्ती. मी तुझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठी असेन, म्हणून सरळ 'तू' म्हणतेय. चालवून घे.

मी २००६ साली, चोविसाव्या वर्षी जीभ टोचली आणि २०१४पर्यंत दांडी तोंडात वागवली. दांडी म्हणजे जिभेतून वर-खाली आरपार जाणारी धातूची काडी, दोन्ही टोकांना एकेक गोळी. कारण तुझंच होतं. फक्त नवऱ्याऐवजी एका मैत्रिणीने डोक्यात भरवलं होतं.

फरक पडतो का, तर पडतो. थोडा, आणि थोडेच दिवस. का ते सांगते, कारण हे टोचून घेण्याआधी मलाही कुणी सांगितलं नव्हतं. गोळी जिभेच्या टोकावर नसते. ती टोकापासून दीड-दोन सेंटिमीटर मागे, मधल्या रेषेवर बसते. आता जिभेने जे काही नाजूक काम करतो ते कुठल्या भागाने करतो, आठवून बघ. टोकाने. तिथे धातू नसतोच. गोळी लागायला हवी असेल तर जीभ सपाट पसरून लावावी लागते, आणि ते मुद्दाम लक्षात ठेवून करावं लागतं. ऐन वेळी कोण लक्षात ठेवतं? चुंबनात गोळी जाणवते, पहिले काही दिवस गंमतही वाटते, मग ती दातावर आपटल्याचा टक्क आवाज यायला लागतो आणि दोघंही हसतात. नाजूक जागी ती कडक गोळी जराशा दाबानेही काहींना चक्क दुखते. माझ्या नवऱ्याला दुखायची. त्याने हे मला पाच महिन्यांनी सांगितलं. आणि टोचून घेणारीला स्वतःला वेगळं काही मिळतं का? मला तरी चाळा मिळाला, मीटिंगमध्ये बसून तोंडातल्या तोंडात गोळी फिरवायचा. त्या चाळ्याने पुढे काय केलं ते खाली येईलच.

ज्या कारणासाठी हे करायचं, नेमकं तेच पहिला दीड महिना बंद ठेवावं लागतं, हे तुझ्या नवऱ्याला माहीत आहे का विचार. जखम भरायला साधारण चार ते सहा आठवडे, कधी आठ. तेवढ्या काळात खोल चुंबन नाही, ओरल नाही. जिभेतून आरपार गेलेली उघडी जखम आहे ती. जोडीदार एकच असला, कितीही विश्वासाचा असला, तरी त्याच्या अंगावरचे जिवाणू तुझ्या जखमेला नवीनच असतात, आणि हर्पिस किंवा इतर लैंगिक संसर्गाला तर असं दार आयतंच मिळतं. पुढे जखम भरल्यावरही कंडोम वापरत असाल तर गोळीच्या आट्यांची कड त्याला फाडू शकते, ते बघावं लागतं.

आमचा तो दीड महिना मात्र मला अजून आठवतो. पहिल्या आठवड्यात जीभ एवढी सुजली की मला बोलताच येईना. रोज संध्याकाळी आम्ही वेताळ टेकडीवर फिरायला जायचो. एरवी बडबड माझी असायची आणि हा हूं हूं करायचा. त्या आठवड्यात मी हूं हूं करत होते आणि हा बोलत होता. काय आवडतं, काय आवडत नाही, कशाची लाज वाटते, मी काय केलं की तो आतून आक्रसतो. लग्नाआधीची दोन वर्षं धरून हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण मी मध्ये श्वास घ्यायला जागाच सोडली नव्हती. दीड महिन्याने जे सुधारलं ते या गप्पांनी की धातूने, असं कुणी विचारलं तर मी शपथेवर गप्पा म्हणेन. पुरावाही आहे. २०१४ साली स्कूटरवरून पडले, गुडघ्याचा एमआरआय काढायचा होता, आणि आत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढायला लावतात. दांडी पाकिटात घालून घरी आणली. दुसऱ्या दिवशी घालायला गेले तर जाईना, भोक आक्रसलं होतं. म्हटलं राहू दे. नवऱ्याच्या लक्षात यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही काही संन्यास घेतला नव्हता.

आता किंमत. ती जिभेला नाही, दातांना मोजावी लागते. टोचताना सूज धरून मुद्दाम लांब दांडी घालतात, वीस-बावीस मिलिमीटरची. दोन-चार आठवड्यांनी सूज उतरली की ती काढून आखूड, साधारण सोळाच्या आसपासची घालायची असते. मला कुणी सांगितलं नाही. ज्याने टोचलं त्यानेही नाही. 'झालं काम, मीठपाण्याच्या गुळण्या करा' एवढंच. ती लांब दांडी मी दीड वर्ष वागवली. खालची गोळी बोलताना, गिळताना, चाळा करताना खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सतत घासते. आठव्या वर्षी डेंटिस्टने आरसा धरून दाखवलं, मधल्या दोन दातांची हिरडी आतून खाली सरकली होती, मुळं दिसत होती. एकदा खाली गेलेली हिरडी आपोआप वर येत नाही. त्याआधी चौथ्या वर्षी चिक्की खाताना वरची गोळी दाढेखाली आली आणि दाढेचा कपचा उडाला. कॅप बसवायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात माझ्यासारख्या चौघींच्या जिभा टोचून झाल्या असत्या. हे फक्त माझं नशीब म्हणून सोडून देऊ नकोस. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्ला तोंडात काहीही टोचू नका असाच आहे, आणि दांडी जितकी लांब, जितकी जास्त वर्षं, तितकं नुकसान जास्त. प्लास्टिकच्या गोळ्या दातांना जरा सौम्य, पण त्या चावून फुटतात.

काही जणींनी तर विचारही करू नये. हृदयाच्या झडपेचा त्रास असेल, लहानपणी सांध्याच्या तापाने झडप खराब झाली असेल, जन्मापासून हृदयात दोष असेल तर तोंडातले जिवाणू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात, आणि तो आजार जिवावर बेततो. साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तरी नको. पाच वर्षं झाली म्हणतेस, मुलाचा विचार चालला असेल तर तो आधी. गरोदरपणात असली जखम अंगावर घ्यायचं काही कारण नाही. हिपॅटायटिस बीच्या तिन्ही लशी झाल्यात का तेही बघ. आणि तू नियमित रक्तदान करत असशील तर टोचल्यानंतर वर्षभर ते थांबवावं लागेल.

एवढं वाचूनही हवंसं वाटलं तर मी अडवणार नाही. मी केलंय, आणि चोविसाव्या वर्षी ते करताना मला स्वतःच्या जिभेवर पहिल्यांदाच मालकी आल्यासारखं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. पण मग नीट कर.

'सोनारानेच कान टोचावेत' म्हणतात, पण इथे सोनार कामाचा नाही आणि बंदुकीने टोचणारा तर मुळीच नाही. बंदूक जिभेला लावतोय असं दिसलं तर पैसे दिलेले असले तरी उठून यायचं. एकदाच वापरायची पोकळ सुई, ती तुझ्यासमोर पाकिटातून काढलेली. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, आहे का विचार, आणि 'आहे' एवढ्यावर समाधान मानू नकोस, निर्जंतुक केलेलं पाकीट हातात घेऊन त्यावरच्या खुणेचा रंग बदललाय का बघ. नुसतं उकळलं, स्पिरिटने पुसलं, हे चालत नाही. चांगला पिअर्सर, म्हणजे टोचून देणारा, आधी टॉर्च घेऊन जिभेच्या खाली बघतो. तिथे दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतात ना, त्या चुकवायच्या असतात, आणि मधला पडदा कुठवर आलाय ते बघायचं असतं. काहींची जीभ आखूड असते किंवा शिरा मध्ये येतात. अशा वेळी तो सरळ नाही म्हणतो. नाही म्हणणारा भेटला तर त्याचं ऐक, दुसऱ्याकडे जाऊ नकोस. माझ्या वेळी कॅम्पातल्या एका बोळातल्या दुकानात वर गाणी लावलेली आणि खाली प्लास्टिकची खुर्ची. जिभेखाली कुणी डोकावलंही नाही. आता कोरेगाव पार्क, एफसी रोड या बाजूला बरीच स्टुडिओ झालीत, पण चकाचक काच बघून भुलू नकोस, वरचे प्रश्न तिथेही विचारायचे. दांडी इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवायला चालणाऱ्या टायटॅनियमची, एफ १३६ प्रतीची. निकेलची ॲलर्जी आपल्याकडे कितीतरी बायकांना असते, नकली झुमक्यांनी कान चिघळतात त्या सगळ्या. त्यामुळे तुळशीबागेतली रंगीत गोळी कितीही गोड दिसली तरी ती तोंडात नको. आणि जिभेच्या टोकातून आडवी दांडी घालतात तो प्रकार कुणी सुचवला तर त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं. त्यात जिभेचे दोन भाग एकमेकांना जखडले जातात आणि दातांची वाट आणखी लवकर लागते.

नंतरचे पाच दिवस वाईट. सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त. बर्फाचे छोटे तुकडे चोखायचे, मऊ भात, ताक, गार पेज. मी चार दिवस मस्तानीवर काढले आणि दोन किलो वाढले. मिसळ, तिखट, गरम चहा, सिगारेट, दारू, सगळं बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नको, त्याने रक्त वाहत राहतं. माउथवॉश बिनअल्कोहोलचा. थोडा पांढरट स्राव येतो, तो चालतो. पण ताप आला, हनुवटीखाली टणक सूज आली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला तर पिअर्सरला फोन करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. तिथली सूज खाली घशाकडे उतरते आणि वाट बघत नाही.

आधी नकली लावून बघते, असं म्हणशील. दोन चुंबकांच्या गोळ्या जिभेच्या वर-खाली लावायच्या मिळतात. त्या नकोत! दोन्ही गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून चिकटतात आणि आतडं फाटतं. थंड-गरमाचा फरकच अनुभवायचा असेल तर आधी तोंडात बर्फाचा खडा धर, किंवा कोमट चहाचा घोट घेऊन मग जवळ जा. पेपरमिंटनेही होतं. फुकटात आहे, आणि तुझ्या नवऱ्याला नक्की धातू हवाय की नुसता बदल, हे दोन रात्रींत कळेल. त्याला हेही विचार की तो स्वतःची टोचून घेईल का. तुम्हाला दोघांनाही ओरल आवडत असेल तर प्रश्न त्यालाही तितकाच लागू आहे. मी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. 'मला सकाळी गरम चहा लागतो', इतकंच म्हणाला आणि पेपर पुढे धरला.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, सासूबाईंना कळेल का. कळेल. एकदा जखम भरली की गोळी लपते, तोंड उघडून हसल्याशिवाय सहसा दिसत नाही, रंग जिभेचाच घेतला तर आणखीच नाही. पण पहिले दोन आठवडे मराठी माणसापासून ते लपत नाही, आपली भाषाच तशी आहे. ट, ठ, ड, ण म्हणायला जीभ वर वळवावी लागते आणि ळ तर सुजल्या जिभेने निघतच नाही. त्या आठवड्यात माझ्या सासूबाईंनी जेवायला काय करू विचारलं, मी म्हटलं 'केल्याची शिकलण'. त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'तोंड उघड.'