वाचक विचारतात : जाड वायर, अपुरं पॅनेल

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आम्ही कंट्रोल पॅनेल (यंत्रं नियंत्रित करणाऱ्या विजेच्या पेट्या) बनवतो. व्होल्टेज ड्रॉपमुळे (लांब वायरीत व्होल्टेज घटतं म्हणून) ग्राहकाने फील्ड वायर, म्हणजे बाहेरच्या यंत्रांकडून पॅनेलमध्ये येणारी वायर, 1.5 ऐवजी 4 चौ. मिमी केली. 60 वायर आहेत. जुन्याच पेटीत फक्त टर्मिनल (वायर स्क्रूने जोडायचे ठोकळे) बदलले तर चालेल का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : नाही. टर्मिनलची रुंदी साधारण 5.2 वरून 6.2 मिमी होते, म्हणजे 60 टर्मिनलसाठी रेल (टर्मिनल बसवायची पट्टी) 60 मिमी वाढवावीच लागेल. पण खरी अडचण चॅनलची, म्हणजे वायरी ज्यातून नेतात त्या झाकणाच्या पन्हळीची. वायरचा बाहेरचा व्यास अंदाजे 3 वरून 4.2 मिमी होतो, म्हणजे जागा दुप्पट. 25×60 मिमीचं चॅनल सत्तर टक्के भरेल, झाकण बसणार नाही. अर्ध्याच्या आत भरेल असं 45×60 घ्या.

चॅनल आणि टर्मिनलमध्ये किमान 50 मिमी मोकळं ठेवा. इथेच लोक कंजुषी करतात! जाड वायर जवळून वळवली की ताण स्क्रूवर येतो, कंपनाने जोड सैल होतो, गरम होतो. खालचं टर्मिनल ग्लँड प्लेटपासून (केबल आत येते ती पेटीची तळपट्टी) 200 मिमी वर घ्या. आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल आखूड जागेत वळत नाही. ग्लँडचा (केबल भोकात घट्ट धरणाऱ्या जोडाचा) आकारही वाढेल, म्हणून प्लेट बिनभोकाची मागवा आणि प्रत्यक्ष केबल मोजूनच भोकं पाडा.